छप्पन्ननंतर बहात्तर

नात मूलद्रव्यांचा तक्ता घेऊन गॅलरीत माझ्या खाटेवर येऊन बसली. "आजोबा, छप्पन्ननंतर एकदम बहात्तर? मधले पंधरा कुठे गेले?"

मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, पण मुलाच्या घरात आता ही एकटीच मला काही विचारते. मी तक्त्याच्या तळाची सुटी ओळ दाखवली. "हे बघ, सत्तावन्न ते एकाहत्तर. यांची जागा वर, मधेच आहे. पण तिथे ठेवले तर तक्ता फार रुंद होतो, म्हणून खाली काढलेत."

"त्यांचं काही चुकलं का?"

"चुकतंय कसलं. अडचण होते."

तेवढ्यात सून आतून म्हणाली, "बाबा, सोफावाले आलेत. तुमचं कपाटही गॅलरीतच ठेवू ना?"

"ठेवा."

नात तळाच्या ओळीवरचं बोट उचलेना.