येळवशीचं पहिलं ताट

तव्यावरची भाकरी फुगली. शिवांजलीनं ती उचलून चुलीच्या तोंडाशी उभी केली आणि परातीत पिठाचा पुढचा गोळा घेतला. मुरुम गावातल्या त्या घरात सकाळच्या भाकऱ्या तिच्याच हातच्या. आईच्या भाकरीला कडेला चिरा जातात, हिच्या भाकरीला नाही.

तिच्या शेजारी तिचं स्वतःचं ताट होतं. काकडीच्या चकत्या, गाजर, बिटाचे तुकडे, भिजवलेले मूग. मीठ नाही.

"आई, नुसता पापुद्रा खाऊ?"

"खा की. मग अणदूरला काट्यावरचा आकडा तूच कळीव."

"पापुद्र्याचं वजन ते किती."

"तोंडाला चव लागली की पापुद्र्यावर थांबतंय व्हय कुणी," सिताबाई म्हणाली आणि भाकरीचं टोपलं उचलून आपल्या मागं ठेवलं.

ती वाईट आई नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर टोपल्याच्या तळाशी उरेल ते खायचं, हे तिनं इतकी वर्षं केलं होतं की उपाशी राहणं तिला शिक्षा वाटतच नव्हतं.

वडील, रेवणसिद्ध, गोठ्यातून हातपाय धुऊन आले. ताट घेतलं. मग थोडे सरकले आणि भिंतीकडं तोंड करून जेवायला बसले. पोरीच्या समोर भाकरी मोडायची त्यांना लाज वाटायची. पण मोडत होते. बोलत नव्हते.

हे घर इथंच थांबवून थोडं मागं जाऊ.

·

दिवाळी झाल्यावर अणदूरच्या कस्तुराबाई पोरगी बघायला आल्या. मुलगा नंदीश, सोलापुरात एका कंपनीत नोकरीला. सोबत थोरली सून करिश्मा. ती दाराजवळ पदर सावरून बसली होती, आणि तिच्या पुढ्यातले पोहे जसेच्या तसे होते.

"पोरगी शिकल्याली हाय, कामाची हाय, नाकीडोळी नीटस हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. मग त्यांनी शिवांजलीला जवळ बोलावलं आणि कोपराच्या वरचा दंड दोन बोटांत धरून दाबला. बाजारात शेळी घेताना दाबतात तसा.

"हे तेवढं उतरवा. येळवशीच्या सणाला आमी तुमच्या वावरात जेवायलाच येताव. उतरल्यालं दिसलं तर तिथंच सुपारी."

मुलीकडच्यांनी बोलायचं नसतं, ही आपली रीत. दंड दाबलेली जागा शिवांजलीनं ओढणीनं झाकली. बस.

"आमच्या करिश्माचं बी असंच उतरवलं," कस्तुराबाई उठता उठता म्हणाल्या. "बघा की कशी झालीया."

सगळ्यांनी करिश्माकडं बघितलं. करिश्मानं जमिनीकडं.

दुसऱ्या दिवशी फोनवर हुकूम आला.

*शिजवलेलं काही नाही. चुलीवरचा घास म्हणजे चरबी. सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस. दिवसभर कच्ची भाजी, मोड आलेलं कडधान्य. दर रविवारी काट्याचा फोटो.*

·

खोटं कशाला सांगायचं, शिवांजलीला आधी ते आवडलं.

वजन कमी करावं असं तिच्याही मनात होतं. आणि कच्चं खाणं तिला नवं थोडंच होतं. बांधावर उभं राहून हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, वेलावरचं वाळूक पुसून तिथंच, असंच तर तिचं लहानपण गेलं. पहिले दिवस अंग हलकं वाटलं. चालताना दम लागेना. रविवारी आकडा उतरला की तिला स्वतःलाच हसू यायचं.

त्या दिवसांत भूक लागल्यावर एक भाकरी मागता आली असती आणि मिळाली असती, तर ही गोष्ट सांगण्यासारखी झालीच नसती.

पण मागून मिळत नव्हती. आकडा उतरला की अणदूरहून निरोप यायचा, *अजून थोडं*.

मग हातांतलं बळ गेलं.

घरात दुभत्या म्हशी. धारा शिवांजली काढायची, दुधाचे कॅन स्कुटीवर लावून डेअरीवर तीच न्यायची. एके सकाळी म्हशीनं पान्हा सोडला, आणि हिची बोटं सडावर आवळेचनात. म्हैस मान वळवून बघायला लागली. शिवांजलीनं कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं आणि तशीच बसून राहिली.

"काय करायलीस गं?" दारातून रेवणसिद्धांनी विचारलं.

"अण्णा, आज तुमीच काढा धार."

त्यांनी काढली. तिच्याकडं न बघता.

·

उकिरड्याच्या कडेला एक वेल आपोआप आला होता. त्याला दुधी लागले. बाजारातनं कशाला आणायचे म्हणून सिताबाईनं त्यातला एक कापला, किसला, पिळला.

शिवांजलीनं एक घोट घेतला आणि थुंकला.

"आई, कडूजहर हाय हे."

"कारलं कडू न्हाय का? पाडव्याला लिंबाचा पाला खातीस, ते काय गोड आसतंय? जितकं कडू तितकं गुणाचं. नाक दाब आन् घे."

लेकीनं नाक दाबलं. घेतलं.

ऊन गोठ्याच्या दारात यायच्या आत ती ओकत होती. आधी पाणी. मग हिरवं. मग लाल.

·

दवाखान्यात डॉक्टरीणबाई सिताबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दुधी कडू लागला की थुंकायचा असतो. कडू दुधी म्हणजे विष. कुणी पाजलं हिला?"

सिताबाई लेकीजवळ जाऊन बसली.

लेकीच्या हातात सुई, वर बाटली. तेवढ्यात फोन वाजला. कस्तुराबाई. त्यांना कुठून तरी कळलं होतं.

"कशी हाय पोरगी?"

"हाय. सलाइन लावलंय."

"सलाइनमधी साखर आसती म्हणं. डाक्टरला इचारा की बिनसाखरेचं हाय का. न्हायतर इतकं केल्यालं सगळं वाया जायचं."

बाटलीतनं थेंब पडत होता. सिताबाईनं तो पडताना बघितला.

"व्हय. इचारते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

विचारलं नाही.

·

घरी आल्यावर मऊ भात चालू झाला. येळवस तोंडावर आली तशी सिताबाई पुन्हा लेकीजवळ येऊन बसली.

"पावणे येणार हायती. त्यो एक दिस निभाव. सुपारी फुटली की मग जेव मनासारखं."

"मग लग्न होईस्तोवर थांब म्हणतील. मग पोर होईस्तोवर."

"तशी न्हायती गं माणसं."

"आई, त्या करिश्मानं पोह्याला हात लावला न्हवता. तू बघितलंस का?"

सिताबाईनं बघितलं होतं. बशी तिनंच उचलली होती.

·

येळवस.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, गावात माणूस नाही. सगळी वावरात. ज्वारीच्या पेंढ्यांची खोप, खोपीत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, आणि भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेल्या भज्जीचा वास बांधाबांधावर. या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून जेवायला बसवतात. येळवशीला वावरातून कुणी उपाशी गेलं तर त्या घराला मान वर करता येत नाही.

ताकातल्या आंबिलीनं भरलेलं मातीचं बिंदगं डोक्यावर घेऊन शिवांजली चालत होती. वर घोंगडं पांघरलेलं. हे बिंदगं दर वर्षी तीच न्यायची, कारण सडकेपासून खोपीपर्यंत न टेकवता नेणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. वाटेत टेकवायचं नसतं.

मधल्या बांधावर तिचे पाय थरथरायला लागले. आंबील हिंदकळून कपाळावर आली.

सिताबाई मागून धावत आली. "दे माझ्याकडं."

"देत न्हाय. धर नुसतं."

सिताबाई घोंगड्याच्या आत शिरली आणि एका बाजूनं हात लावला. एका घोंगड्याखाली दोघी, बाहेरून नुसते चार पाय. आत अंधार, ताकाचा आंबूस वास, आणि एकमेकींचा श्वास.

"आई, मी आज जेवणार हाय."

"निवद झाला की जेव की."

"पहिल्या पंगतीत. पावण्यासमोर."

सिताबाईनं बिंदग्यावरचा हात बदलला. "बाया पहिल्या पंगतीला बसत न्हाईत, बाई."

"ठावं हाय."

बिंदगं खोपीत उतरलं. वाटेत ते एकदाही टेकलं नव्हतं.

·

पाहुणे गाडीतून आले. नंदीशनं डिकीतून पिशवी काढली, पिशवीतून काचेचा वजनकाटा. वावरात सपाट जागा ती कुठली? विहिरीच्या काठाच्या दगडावर त्यानं तो ठेवला, डुगडुगतोय म्हणून खाली ढेकूळ सारलं, मग दुसरं.

पूजा झाली. रेवणसिद्धांनी 'वलगे वलगे' म्हणत पिकावर आंबील शिंपडली. पत्रावळी मांडल्या. पुरुष बसले.

"आधी काटा," कस्तुराबाई म्हणाल्या. "मग जेवणं."

शिवांजली विहिरीकडं गेली. सगळ्यांच्या माना तिच्यामागं वळल्या. काट्याशेजारच्या घागरीतलं पाणी घेऊन तिनं हात धुतले, ओले हात झटकले आणि परत येऊन नंदीशच्या समोरच्या पत्रावळीपुढं मांडी घातली.

"वाढ, आई."

"अहो, आई म्हणतीय तर एकदा उभं राहा ना," नंदीश म्हणाला. "मिनटाचं काम."

"तुमी राहिलाव का उभं?"

"माझं काय त्यात?"

"शर्टाचं बटन ताणलंय. मी काय म्हणले का?"

रेवणसिद्धांना ठसका लागला. पाणी प्यायला लागलं.

"बघा, जीभ बघा," कस्तुराबाई त्यांच्याकडं वळल्या. "पावणं, तुमी बाप हाव का कोण? गप का?"

"दिवाळीपासनं गपच होतो की." रेवणसिद्धांचा आवाज बसला होता. "भितीकडं तोंड करून भाकरी खाल्ली म्या, पोरगी दिसू नये म्हणून. आज भित न्हाय हितं." आणि त्यांनी आपल्या पुढचा भज्जीचा द्रोण लेकीच्या पत्रावळीवर ठेवला.

"सिताबाई, वाढू नगा तिला. सांगून ठेवते."

सिताबाईच्या हातात बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांचं ताट होतं. तिनं एक उंडा घेतला, अंगठ्यानं फोडला, त्यात तेल सोडलं, लेकीपुढं ठेवला. मग दुसरा.

"खा," ती म्हणाली. आणि विहिणीकडं न बघता, जणू घरातलीच बारीकशी गोष्ट सांगावी तशी, "सलाइनचं म्या डाक्टरला इचारलं न्हाय बरं का, कस्तुराबाई."

शिवांजलीनं घास घेतला. चावला. गिळला. घाई केली नाही.

"मावशी, कच्चं खाणं वाईट न्हाय," ती म्हणाली. "उद्या बी मला वाटलं तर गाजर खाईन, चालायला जाईन, वजन उतरवीन. मला वाटलं तर. माझ्या ताटात काय आसावं ते तुमच्या काट्यावर ठरत न्हाय. ही सोयरीक मला नगं."

कस्तुराबाई उठल्या. "चल रे नंद्या, घे त्यो काटा. करिश्मा, ऊठ."

रेवणसिद्ध गडबडून उभे राहिले. पोरीच्या नकाराला त्यांची ना नव्हती, पण येळवशीला पाहुणा उपाशी चालला होता. त्यांच्या आधी शिवांजली बोलली, हात भज्जीनं भरलेला तसाच.

"सोयरीक नगं म्हणले मी. जेवू नगा म्हणले न्हाय. आमच्या वावरातनं उपाशी कुणी जात न्हाय मावशी. बसा."

कस्तुराबाई बसल्या नाहीत. गाडीकडं निघाल्या.

आणि करिश्मा उठली नाही, कारण ती बसलेलीच नव्हती. ती हरभऱ्यात होती. आल्यापासून तिथंच. ओच्यात डहाळे घेऊन ती घाटे सोलायच्याही फंदात न पडता पाल्यासकट खात होती. ओठ हिरवे झाले होते.

हाक ऐकून ती बांधावर आली. सासूकडं बघितलं, पंगतीकडं बघितलं. ओचा झटकला आणि शिवांजलीच्या शेजारी येऊन बसली.

"मला बी वाढा."

"करिश्मा," कस्तुराबाई लांबून म्हणाल्या. नुसतं नाव.

"तुमी बसा गाडीत, आत्याबाई," करिश्मा म्हणाली. आवाज नरम, शब्द अदबीचे. "जेवून येते."

सिताबाईनं तिला वाढलं. मग पळी भज्जीच्या पातेल्यात खोचून ठेवली, नवऱ्याकडं बघून म्हणाली, "लागलं तर घ्या तुमच्या हातानं," आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या पंगतीला बसली.

नंदीश वाटेत उभा होता. एका बाजूला आई, एका बाजूला भज्जीचा वास, बगलेत काटा.

तुमच्या घरातही कुणीतरी टोपलं मागं सरकवलं असेल. कुणीतरी भिंतीकडं तोंड करून जेवत असेल. पाहुण्यांपुढची भरली बशी कुणीतरी न बोलता उचलून आत नेली असेल. आज जेवायला बसाल तेव्हा आधी ताटं मोजू नका, माणसांच्या तोंडाकडं बघा.

करिश्मानं एक उंडा संपवला. दुसरा संपवला. पत्रावळीला लागलेलं बोटानं पुसून घेतलं.

"आणिक?" रेवणसिद्धांनी वाकून विचारलं. वाढायला आता तेच होते.

गाडीचा हॉर्न वाजला. लांबलचक.

करिश्मानं तिकडं बघितलं नाही. पत्रावळ थोडी पुढं सरकवली.

"आणिक."