तोफा, थापा आणि एक डोकं

पैज लागली ती सलूनमधल्या बाकावर, गल्लीची सहल निघायच्या आदल्या दिवशी. जायचं होतं जुनं आरमारी बंदर बघायला.

"तू येऊच नकोस," सलूनवाला शेजारच्या वायरमनला म्हणाला. "मागे संग्रहालयात तू गाईडच्या इतक्या चुका काढल्यास, की शेवटी तो बिचारा तुझ्याच मागून चालायला लागला!"

"चुकीचं बोलला तर गप्प बसू? आणि तुझं तोंड काय कमी चालतं? कात्री दमते, पण तू नाही!"

झालं, ठिणगी पडली. गाईडची चूक जो आधी काढेल, तो हरला. वायरमन हरला तर त्याची मिशी जाणार, बावीस वर्षं तेल पाजून वाढवलेली. सलूनवाला हरला तर डोक्याचा चकचकीत गोटा.

आता सलूनवाल्याचं डोकं म्हणजे दुकानाची पाटीच. पन्नाशीतही दाट, काळंभोर, कुरळं. गिऱ्हाईक बोट दाखवून म्हणायचं, "अस्सेच काप."

"अहो, टकल्याकडे केस कापायला कोण येणार?" बायको कडाडली. "हरलात तर उद्यापासून दुकानात मी बसते."

"हरतोय कोण!" सलूनवाल्याने शीळ घातली. त्याच्या डोक्यात भलतंच शिजत होतं.

दुसऱ्या दिवशी बंदराच्या फाटकाशी बस थांबली. छपरांवरून डोलकाठ्या डोकावत होत्या, हवेत डांबराचा वास होता, सगळे खिडक्यांना नाकं लावून बघत होते. सलूनवाल्याने मात्र खाली उडी मारली आणि गाईडबाईंना कोपऱ्यात गाठलं.

"मॅडम, आज जरा थापा माराल का? एका मिशीवाल्याला बोलतं करायचंय. शेवटी सगळ्यांना खरं सांगून टाका."

बाई वीस वर्षं त्याच त्या सनावळ्या सांगून कंटाळल्या होत्या. त्यांचे डोळे लकाकले. "किती मोठ्या मारू?"

"पेलतील तेवढ्या."

"मग कठीण आहे. माझ्या मोठ्याच असतात!"

आणि बाई सुटल्या. तोफांमध्ये म्हणे उन्हाळ्यात आइस्क्रीम गार ठेवायचे. गोदीत माणसाच्या दुप्पट उंचीचा लोखंडी नांगर उभा होता. बाई म्हणाल्या, "हा नांगर! लढाई नसली की खलाशी याने शेत नांगरायचे."

"अगं बाई!" म्हणत एका काकूंनी ते वहीत उतरवून घेतलं.

सलूनवाला वायरमनच्या तोंडाकडे टक लावून होता. आता फुटेल, मग फुटेल! पण हा पठ्ठ्या शांत. सलूनवाल्याने कोपर मारलं. "ऐकलंस ना? शेत नांगरायचे!"

"छान, छान," वायरमन म्हणाला आणि मिशीवरून बोटं फिरवली.

सलूनवाल्याला घाम फुटला. त्याने बाईंना मागून खुणावलं, वाढवा अजून!

मंडळी लाकडी युद्धनौकेच्या पोटात उतरली. वाकून चालावं लागत होतं, इतकी छताची तुळई खाली. बाईंना आता नुसता ऊत आला होता. "आणि इथे व्हायची खलाशांची दाढी. जहाजावर न्हावी नव्हता. सुतार करायचा, रंध्याने! साबण नको, पाणी नको. दाढीला अक्कल कुठे लागते? कुणीही करतं!"

सलूनवाल्याची कानशिलं तापली. थाप होती, त्यानेच मागवलेली होती, सगळं कळत होतं. पण रंधा? आणि कुणीही?

"ओ मॅडम, काहीतरीच काय!" तो ताडकन ताठ झाला आणि तुळईवर टाळकं आपटलं. "रंध्याने गाल सोलून निघेल! तीस वर्षं घासलीत मी, तेव्हा कुठे हात बसला!"

बाईंनी जीभ चावली.

"गेले केस," बायको म्हणाली. आणि अख्खी गल्ली ओरडली, "हरला! हरला!"

"काय झालं? काय झालं?" वायरमन इकडेतिकडे बघायला लागला. मग त्याने एका कानातून कापसाचा बोळा काढला. मग दुसऱ्यातून.

"लबाडा! ही फसवणूक आहे!"

"पैज तोंडाची होती, कानाची नव्हती. आणि मॅडमना कोपऱ्यात कोण घेऊन गेलं रे? बसमधून चांगलं दिसत होतं."

यावर सलूनवाल्यालाच खो खो हसू फुटलं. मिशी कापायला त्याने हौसेने आणलेली धोपटी उघडली गेली. भर धक्क्यावर, जहाजाचे दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर तो बसला. वायरमनने मशीन चालू केलं. कुरळ्या झुपक्यांनी धक्का काळा व्हायला लागला. बाजूला गाईडबाई खरा इतिहास सांगत होत्या आणि काकू वहीतली शेतं खोडत होत्या, पण लक्ष सगळ्यांचं डोक्याकडे. दुसऱ्या दोन सहलीही येऊन खेटल्या.

"कानामागे जप! उलटं फिरव, उलटं! अरे वायर सोलतोयस का?"

शेवटचा झुपका पडला. बायकोने त्या गोट्यावरून सावकाश हात फिरवला.

"अय्या, छान गोल आहे की हो! लग्नाआधीच दाखवायचं होतंत."

सलूनवाला खुंट्यावर चढला आणि चारी बाजूंच्या टाळ्या उन्हात चमकणारं डोकं वाकवून घेत राहिला.