डाव्या हाताचं जेवण

"आ कर, मी भरवते," नंदा म्हणाली, तशी कादंबरीने मान फिरवली.

"नको ताई. भूक नाहीये."

भूक होती. सकाळच्या चहानंतर पोरीच्या पोटात काही गेलं नव्हतं. पण उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज, आणि डाव्या हाताने भाकरी मोडता येईना. तुकडा ताटाबाहेर उडाला, तेव्हाच तिने ताट सरकवलं होतं.

मानपाड्याच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात दोघी शेजारशेजारच्या प्रेसवर कामाला. कादंबरीची दोन बोटं त्या प्रेसमध्ये गेली. घर महाडकडे, इथे चार मुलींत मिळून एक खोली. हॉस्पिटलातून सोडलं तेव्हा नंदा तिला सरळ आपल्या घरी घेऊन आली.

नंदा उठली. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या. केलेला स्वयंपाक झाकून ठेवून तिने पाणी चढवलं, मॅगीची पाकिटं फोडली. कांदा-मिरची परतली, कोबी उभा चिरून टाकला, वर दोन अंडी. नूडल्स काट्याने खायचे असतात, आणि काटा डाव्या हातात धरला म्हणून कुणी बघत बसत नाही.

तेवढ्यात दार वाजलं. कारखान्याचा सुपरवायझर, साईनाथ. नंदाचा नवरा उत्तम नुकताच खोपटच्या एसटी डेपोतून ड्युटी संपवून आला होता. त्याने खुर्ची पुढे केली. कादंबरीकडे न बघता साईनाथ बसला.

"नंदाताई, उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येतायत. तुम्ही बाजूच्या मशीनवर होतात, तुम्हाला विचारणार. मशीनची सेफ्टीची जाळी पोरीनेच काढलेली, एवढंच बोलायचं."

"जाळ्या तुम्ही काढायला लावल्यात. माल पटापट निघावा म्हणून. माझ्या मशीनची पण."

"मला वरून प्रेशर होतं हो. आता सगळं माझ्यावर येतंय." त्याने खुर्ची पुढे ओढली. "आणि तुमची परमनंटची ऑर्डर तयार आहे. उगाच अडकायला नको."

उत्तम हळूच म्हणाला, "अगं, किती वर्षं काढलीस त्या ऑर्डरसाठी. जरा विचार कर."

नंदाने गॅस बारीक केला. ती ऑर्डर तिला हवी होती. रोज सकाळी गेटवर आत घेतात की परत पाठवतात, या धाकधुकीला ती विटली होती.

"ताई, बोला तसंच," कादंबरी खाली बघत म्हणाली. "माझं गेलं ते काय परत येणारे."

ते ऐकलं आणि नंदाच्या डोक्यात तिडीक गेली.

"गप बस. तुझी बोटं गेलीत, माझी जीभ नाही गेली." ती साईनाथकडे वळली. "जे बघितलं ते सांगणार. त्यांनी नाही विचारलं तरी सांगणार."

"मग उद्या गेटवर येऊ नका."

"येणार. आत नाही घेतलंत तर बाहेर उभी राहीन. इन्स्पेक्टरची गाडी गेटमधूनच येणार ना?"

साईनाथ उठून गेला. नंदाने दार लावून घेतलं. तिने नूडल्स वाढले, ताटलीत काटा ठेवला आणि कादंबरीकडे पाठ करून कढई घासायला घेतली. मागे काटा ताटलीवर घसरत होता, पुन्हा पुन्हा. ती वळली नाही. हळूहळू आवाज कमी झाला.

"थोडं आहे का अजून?" कादंबरीने विचारलं.

झोपायच्या आधी उत्तम म्हणाला, "सकाळी मी येतो गेटपर्यंत."

सकाळी वॉचमनने नंदाला आत घेतलं नाही. ती उन्हात उभी राहिली, आणि गाडी आली तशी सरळ पुढे झाली. गाडी थांबली. तिने सगळं सांगितलं, साईनाथच्या देखत.

जाळ्या पुन्हा लागल्या. कादंबरीला भरपाई मिळाली. नंदाला मात्र कारखान्याने परत बोलावलं नाही.

आता ती दोन गल्ल्या पलीकडे एका पॅकिंगवाल्याकडे जाते, रोजंदारीवर. वाट जुन्या गेटवरूनच आहे. तिथे तिची चाल जरा मंदावते. आतल्या प्रेसचा ठोका आता पूर्वीसारखा धावत येत नाही. एक पडतो, मग मध्ये हात काढून घेण्याइतकी उसंत असते, मग दुसरा. तो दुसरा ऐकून ती पुढे जाते.