रूमीच्या पाठीमागे

मी एक जुनी बेस गिटार आहे, मित्रांनो. चारच तारा, आणि त्याही आता गंजलेल्या. गाणं चालू असताना माझा आवाज कुणाच्या ध्यानात येत नाही. तो बंद पडला की मात्र लोक माना वर करतात, अरे, काहीतरी गेलं! ‘शाबोन थ्री’ या तीन मुलींच्या गटाची जुनी तबकडी कधी कानावर पडली, तर खाली जे धडधडतं ते मी. तबकडीच्या पाकिटावर माझं नाव शोधू नका. मला वाजवणाऱ्याचंही नाव तिथं नाही.

माझा जन्म १९६९ च्या हिवाळ्यात मात्सुमोतोच्या कारखान्यात झाला. ज्या कारागिरानं माझी मान घासली, त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “ही बरी निघाली.” मग त्यानं मला खुंटीला टांगलं आणि तो जेवायला गेला. शाबासकी म्हणावी अशी तेवढीच माझ्या वाट्याला आली.

मला विकत घेतलं याइझू बंदरातल्या इसाओ मोचिझुकीनं. त्याचे वडील कात्सुओ नावाची मासळी उकडून, धुरावून, दगडासारखी कडक होईपर्यंत वाळवायचे. अख्ख्या घराला तो वास. आठवड्याभरात मलाही लागला, आणि खरं सांगते, मला तो आवडायचा. इसाओ आणि त्याचे तीन दोस्त दर शनिवारी गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या एका मोठ्या खानावळीत वाजवायचे. पाहुणे साके पीत बसलेले, कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी घोरतंय. गायला होती इसाओची धाकटी बहीण फुमिए. वय पंधरा. आवाज असा की घोरणारासुद्धा जागा व्हायचा.

“दादा, वाजवताना तू असं तोंड का करतोस रे? तीन दिवस पोट साफ न झाल्यासारखं!”

“गप गं. तू तुझा सूर सांभाळ.”

“माझा सूर तुझ्या ठेक्यावर उभा आहे. तू पडलास की मी पडले.”

ती हे हसत म्हणायची. इसाओ मान खाली घालून वाजवायचा, पण त्याची बोटं खुशीत आली की मला कळायचं.

बहात्तर साली तोक्योहून तादोकोरो नावाचा माणूस त्या खानावळीत अंघोळीला आला आणि फुमिएला ऐकून गेला. महिन्याभरात तो मोचिझुकींच्या घरी गुडघे मोडून बसला होता. पोरीला तो दोन शहरी मुलींबरोबर उभी करणार होता. भाऊ आणि दोस्त मागं वाजवायला चालतील, म्हणाला. फक्त एक अट होती. शाबोन थ्रीची जन्मकथा कंपनी लिहिणार.

कथा अशी होती: तिघी तोक्योच्या नाचाच्या वर्गात भेटल्या. फुमिएचं नाव मिसाकी रूमी. वडील जहाजाचे निवृत्त कप्तान. रूमी एकुलती एक.

“एकुलती एक?” आईनं विचारलं. “आणि हा कोण बसलाय मग?”

“आई, लोकांना स्वप्न लागतं,” तादोकोरो अदबीनं म्हणाला. “मासळीच्या वासाचं नाही लागत.”

इसाओच म्हणाला, “माझी काही हरकत नाही.” मित्रांनो, त्याला खरंच वाटलं की तो बहिणीसाठी त्याग करतोय. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघं सारखेच मूर्ख.

मग सहा वर्षं आम्ही अंधारात उभे राहिलो. काळा सदरा, काळी विजार, प्रकाश जिथं संपतो त्याच्याही दोन पावलं मागं. लोकांकडे बघायचं नाही. मुलींशी बोलायचं नाही, काही सांगायचं झालं तर तादोकोरोमार्फत. इसाओनं फुमिएला परक्यासारखं, अदबीनं ‘रूमी-सान’ म्हणायचं, तिनं ‘मोचिझुकी-सान’ म्हणायचं. दोघं चारचौघांत एकमेकांना कमरेत वाकून नमस्कार करायचे. सुरुवातीला फुमिएला त्याचीही गंमत वाटायची.

“मोचिझुकी-सान, आज आपला ठेका जरा म्हाताऱ्यासारखा चाललाय हं.”

“क्षमा असावी रूमी-सान. आपल्या नाचाला धरूनच वाजवत होतो.”

ड्रमवाला ओकुमुरा तोंड फिरवून हसायचा. पुढं पुढं गंमत गेली आणि सवय राहिली. चौथ्या वर्षी एकदा खोलीत दोघंच असताना इसाओ तिला ‘रूमी-सान’ म्हणाला. तिनं त्याच्याकडे बघितलं. “दादा, इथं कोणी नाहीये,” ती म्हणाली. तो ओशाळला, पण नंतरही त्याची जीभ ‘फुमिए’वर परत वळली नाही.

तुम्हाला एक सांगायला हवं. आमच्या धंद्यात कार्यक्रम मध्येच तुटला, तर त्याला ‘भोक पाडलं’ म्हणतात. त्याहून मोठं पाप नाही. बाप गेल्याची तार खिशात ठेवून लोक विनोद करून आलेत. ज्यानं भोक पाडलं त्याला पुन्हा कोणी बोलावत नाही, आणि त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे सगळे त्याच्याशी फार गोड बोलतात.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात आम्ही नागोयाला होतो. दुपारी एक खेळ, संध्याकाळी एक. फुमिएचं पोट आदल्या दिवसापासून दुखत होतं, उजवीकडे, खाली. कंपनीच्या डॉक्टरनं सुई टोचली. तादोकोरो सगळ्यांना सांगत फिरला, “काही नाही, मुलींचं नेहमीचं.” तिनं सकाळपासून भाताचा घासही घेतला नव्हता.

दुपारच्या खेळाला पुढं बसलेल्यांना तिचं हसू दिसत होतं. आम्हाला तिची पाठ दिसत होती. पिवळा झगा घामानं पाठीला चिकटून काळपट झाला होता. तिसऱ्या गाण्याला तिनं उजवा पाय उचलणं सोडलं. पाचव्या गाण्याला ती माइकच्या दांड्याला धरून उभी राहिली. इसाओला हे सगळं दिसत होतं. त्याची बोटं माझ्या तारांवर गार पडली होती, मला तो गारवा अजून आठवतो.

सहाव्या गाण्यात, दोन कडव्यांच्या मधल्या वाजवण्यात, तिनं कधीच करू नये ती गोष्ट केली. ती लोकांकडे पाठ करून वळली. आमच्याकडे आली आणि इसाओसमोर उभी राहिली. चेहरा राखेसारखा झाला होता.

“दादा,” ती म्हणाली. “दादा, थांबव ना.”

मित्रांनो, त्यानं हात उचलला असता तर संपलं असतं. मी गप्प झाले असते, ओकुमुरा थबकला असता, पडदा पडला असता. इसाओनं पडद्याच्या कडेला बघितलं. तिथं तादोकोरो उभा होता आणि बोटानं ‘पुढं, पुढं’ करत होता. इसाओनं वाजवता वाजवता मान झुकवली.

“रूमी-सान,” तो म्हणाला, “दोनच गाणी राहिलीत. जरा नेट धरा.”

तिनं क्षणभर त्याला निरखलं. कुणी ओळखीचा आहे का, असं बघतात ना, तसं. मग ती वळली आणि गायली. दोन्ही गाणी गायली, एकही सूर चुकला नाही. पडदा पडल्यावर ती तिथंच कोसळली. अपेंडिक्स केव्हाच फुटलं होतं आणि विष पोटभर पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. वय एकवीस.

तोक्योत निरोपाचा मोठा समारंभ झाला. तिचा आवाज टेपवर लावला आणि आम्हाला मागं वाजवायला सांगितलं. इसाओनं वाजवलं. वडिलांना कंपनीनं कप्तानाला शोभेल असा सूट भाड्यानं आणून दिला होता. हातांना मासळीचा वास येतो म्हणून त्यांना पांढरे हातमोजे घातले होते. निरोपाला आलेल्यांच्या वहीत इसाओनं सही केली ती ‘कंपनीचा माणूस’ म्हणून.

नंतर स्मशानाच्या आवारात वादकांची गाडी उभी होती. मी इसाओच्या मांडीवर. दहन झाल्यावर घरची माणसं दोन-दोन जणांनी मिळून, काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवतात. ते काम परक्याचं नाही. आणि आई आली. एकटीच, पावलं ओढत. तिनं गाडीचं दार सरकवलं.

“इसाओ, चल. तुझ्या बापाच्या काडीतून पडतंय सगळं. तुझ्या बहिणीला उचलायचंय.”

पुढच्या सीटवरून तादोकोरो वळला. “आई, बाहेर कॅमेरे आहेत हो. थोडं थांबलं तर...”

आई त्याच्याशी बोललीच नाही. ती इसाओकडे बघत होती. आणि इसाओनं, मला सांगायलासुद्धा लाज वाटते, इसाओनं तादोकोरोकडे बघितलं. एकदाच, विचारल्यासारखं.

आईनं ते पाहिलं.

“राहू द्या, मोचिझुकी-सान,” ती म्हणाली आणि तिनं दार लावलं. तो धडपडत उठला, दार उघडून तिच्यामागं धावलाही. पण तोवर आत कलश बांधून झाला होता.

पुढं सांगण्यासारखं फार नाही. इसाओ याइझूला परतला, मासळी वाळवू लागला. मला त्यानं धुरावणीच्या खोलीत खिळ्याला अडकवलं, ती मी आजपर्यंत तिथंच आहे. माझी मान वाकली, लाकूड काळं पडलं. आई आणखी वीस वर्षं जगली. तिनं त्याला रोज भात वाढला, आजारपणात त्याचे पाय चेपले, पण त्याला नावानं हाक मारली नाही. त्यानंही कधी तक्रार केली नाही.

आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी तसं नाही म्हणणार. मला खुशाल चुलीत घाला. पण कुणाच्या मागं उभे असाल आणि त्याची पाठ तुम्हाला दिसत असेल, तर हात उचला. पुढच्यांना ते दिसत नाही, आणि बाजूला उभ्या असलेल्याला ते बघायचंच नसतं. पाडा भोक. लोक नावं ठेवतील, ठेवू देत.

मला त्या दुपारी हेच ओरडून सांगायचं होतं. पण मी पडले वाद्य, वाजवणारा जे वाजवील तेवढंच मी बोलणार. तुम्हाला तर तोंड आहे, मित्रांनो.