बोटभर म्हणजे एक मिनिट

बायको गेली त्या दिवशी सुतार रडला, पण चिडला नाही. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला, त्याने मान हलवली, सांगतील तिथे सह्या केल्या. राग आला तो दोन महिन्यांनी, एका सोमवारी भर दुपारी, छपाईच्या दुकानात. मालक म्हणाला, "ते जुने कागद होय? ते शनिवारीच रद्दीत गेले की." आणि सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते जुने कागद म्हणजे त्याच्या बायकोने काढलेला वस्तीचा नकाशा. ती टेकडीवरच्या वस्तीत सव्वीस वर्षं नर्स होती. लशीची पेटी खांद्याला अडकवून घरोघर जायची. वस्ती अशी की एक घर दुसऱ्याच्या डोक्यावर, गल्ली संपते तिथे जिना सुरू आणि जिना संपतो तिथे कुणाचं तरी स्वयंपाकघर. घरांना धड नंबर नाहीत. म्हणून तिने लसीकरणाची सात जुनी पोस्टरं उलटी करून एकमेकांना चिकटवली आणि त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने सगळी वस्ती काढली. नवं घर झालं की घालायची, पडलं की खोडायची. चिकटपट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, घड्यांवर कागद फाटला होता, पण नकाशा चालू होता.

शेवटच्या आठवड्यात तिने नवऱ्याला एकच काम सांगितलं. "अहो, तो नकाशा मोठा करून केंद्राच्या भिंतीवर लावा. नवी मुलगी येईल, तिची तारांबळ नको उडायला." बाकी काही मागितलं नाही. आणि त्या एका कामाची सुताराने पार वाट लावली होती.

खरं सांगायचं तर नकाशा त्याला कधीच पटला नव्हता. सुतार माणूस, सगळं आयुष्य गुण्या लावून काटकोन तपासण्यात गेलेलं. जेवताना ती टेबलावर कागद पसरून बसली की हा वरून बघायचा आणि सुरू व्हायचा. टाकीकडची गल्ली बाजाराच्या रस्त्याच्या दीडपट लांब कशी, प्रत्यक्षात तर निम्मीही नाही. शाळेमागचा उतार एवढासा, तो काय चिमणीने मोजला का. या मापाने कपाट केलं तर दारच लागायचं नाही. त्याची मुलगी हसायची, पाहुणे हसायचे. बायको म्हणायची, "तुम्ही कपाटं करा," आणि खोडरबर फुंकायची.

म्हणून छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईंनी विचारलं, की आहे तसाच मोठा करायचा की नवा करायचा, तेव्हा तो म्हणाला, नवा करा, व्यवस्थित करा. बाईंनी सांगितलं, उपग्रहाचा नकाशा घेऊन त्यावर हीच नावं टाकता येतील, माप एकदम बरोबर येईल. सुतार खूश. बाईंनी पुन्हा एकदा विचारलं, "नक्की ना? याची नुसती कॉपी नको?" तो म्हणाला, नको. त्याला वाटलं, आयुष्यभर वेड्यावाकड्या रेघा काढल्या बिचारीने, निदान भिंतीवर तरी तिचं काम सरळ दिसू दे.

छापून आला तो नकाशा देखणाच होता. सहा फूट रुंद, पाच फूट उंच, जाड कागद. सुताराने तो प्लायवुडवर सरसाने चिकटवला, एक बुडबुडा राहू दिला नाही, चारी बाजूंनी सागाची पट्टी ठोकली आणि शुक्रवारी केंद्राच्या भिंतीत बारा स्क्रूंनी पक्का केला. केंद्राचे डॉक्टर म्हणाले, वा. जुने कागद शनिवारी घेऊन जातो असं तो दुकानात सांगून आला होता, पण शनिवारी त्याने पट्टीला पॉलिशचा दुसरा हात दिला आणि तसाच घरी गेला.

सोमवारी सकाळी नवी नर्स त्या नकाशावरून निघाली. नकाशात टाकीची गल्ली अगदी जवळ दिसत होती, म्हणून तिने ती शेवटी ठेवली. तिथे चढ असा की माणूस दोनदा बसतो. ती पोहोचली तोवर ऊन डोक्यावर आलं होतं, पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं आणि अकरा घरं राहिली होती. लशीच्या सहा बाटल्या फेकून द्याव्या लागल्या. दारात पोरं घेऊन उभ्या राहिलेल्या बायांनी तिला सुनावलं ते वेगळंच. पट्टीवरची धूळ पुसायला म्हणून सुतार केंद्रात आला, तेव्हा ती नकाशासमोर उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते.

तिथली मदतनीस मावशी, जी त्याच्या बायकोबरोबर वीस वर्षं फिरली होती, लादी पुसता पुसता म्हणाली की आधीच्या नर्सबाईंचा नकाशा असा नव्हताच. त्यात बोटभर म्हणजे एक मिनिट. चढ असला की गल्ली लांब काढायची, उतार असला की आखूड. सकाळी बाई नकाशावर बोटं ठेवत जायच्या, बर्फ किती वेळ टिकेल तेवढी बोटं मोजायच्या आणि तिथे थांबायच्या. सव्वीस वर्षांत एक बाटली वाया गेली नाही.

सुताराने विचारलं, हे मला कसं माहीत नाही. मावशीने फडकं पिळलं आणि म्हणाली, ते मला काय माहीत.

तिथून तो जवळजवळ पळतच दुकानात आला होता, कागद परत न्यायला. आणि कागद रद्दीत गेले होते.

त्याने मालकाला काय काय ऐकवलं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्याची वस्तू फेकताना हात कसे झडले नाहीत, अक्कल गहाण ठेवून दुकान उघडलंय का, इथपासून सुरुवात झाली. मालक सुरुवातीला नरमाईने बोलत होता. मग त्याचाही आवाज चढला. शनिवारी येतो म्हणालात, आला नाहीत, फोन लावला तर उचलला नाहीत, दुकानात आधीच पाय ठेवायला जागा नाही, कुणाकुणाची चिंध्या झालेली पोस्टरं सांभाळायची. पोस्टरं म्हटल्यावर सुताराने काउंटरवर अशी थाप मारली की नमुन्याच्या पट्ट्यांचा गठ्ठा खाली पडला.

"कॉम्प्युटरमध्ये तरी असेल ना," तो म्हणाला. "फोटो, काहीतरी."

कॉम्प्युटरवरच्या बाई उठून पुढे आल्या. कागदावरून नुसती नावं वाचून टाइप केली होती. कॉपी काढलीच नव्हती. त्यांनी ऑर्डरचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यावर लिहिलं होतं, जुन्या रेषा घेऊ नयेत, माप उपग्रहाप्रमाणे. खाली त्याची सही, नेहमीसारखी ठसठशीत.

"मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सुतार आणखी मोठ्याने बोलला. रस्त्यावरची माणसं डोकावायला लागली. शेवटी बाईंनीच रद्दीवाल्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला आणि तो आभार न मानता बाहेर पडला.

रद्दीवाल्याकडे कागदाचे गठ्ठे बांधून ट्रक रविवारीच गेला होता. तो भला माणूस होता. म्हणाला, आता लगदा झाला असेल. सुताराने त्यालाही दोन शब्द सुनावले, काही कारण नसताना.

घरी येऊन त्याने मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी असते. तिला झालेलं सगळं सांगितलं, मालकाला शिव्या घातल्या, कॉम्प्युटरवरच्या बाईंना घातल्या, मावशी एवढी वर्षं तोंडात काय धरून बसली होती म्हणून तिलाही घातल्या. मुलगी ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मिनिटांचं. शाळेला सुट्टी असली की मी जायचे तिच्याबरोबर. घड्याळ माझ्या हातात असायचं."

"मग मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुम्ही हसत होतात ना. मी एकदा सांगायला लागले तर आई म्हणाली, राहू दे, हसतात तर हसू देत, तेवढीच करमणूक." आणि पुढे म्हणाली, "मी पण हसायचे तुमच्याबरोबर. माहीत असून."

सुताराने फोन ठेवला नाही, आपटला. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसला. आता त्याला बायकोचाही राग आला. एक वाक्य बोलली असती तर काय बिघडलं असतं? बोटभर म्हणजे एक मिनिट. एवढंच. तीस वर्षं एका ताटासमोर बसलेल्या माणसाला एवढं सांगायला काय जीभ झिजली असती? रागात तो टेबलाशी बोललाही तसं. घरात कोणी नव्हतं.

नकाशा आठवून पुन्हा काढावा म्हणून त्याने कागद घेतला. हात चालेना. सव्वीस वर्षं डोळ्यांसमोर होता तो नकाशा, पण त्याने तो कधी पाहिलाच नव्हता, फक्त चुका शोधल्या होत्या. शेवटी चुकाच लिहून काढल्या. टाकीची गल्ली बाजाराच्या रस्त्याच्या दीडपट. शाळेमागचा उतार चार बोटं, चिमणीने मोजलेला. पिठाच्या गिरणीपासून वर जाणारा जिना, ज्याला तो आगगाडी म्हणायचा, अठरा बोटं. आणखी एक आठवलं, ते धड नव्हतं, खोडलं. एवढ्या वर्षांच्या टिंगलीतून तीन मापं निघाली.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन तो केंद्रात गेला. भिंतीवरचा नकाशा काढून टाकावा म्हणून स्क्रूड्रायव्हर नेला होता, पण नवी नर्स म्हणाली, काढू नका, गल्ल्यांची नावं बरोबर आहेत, फक्त मिनिटं हवीत. आपण चालून मोजू आणि याच्यावरच लिहू. तिच्या बोलण्यात खोडी काढायला जागा नव्हती, म्हणून सुताराने पेटीवर खोडी काढली. ती रिकामी पेटी घेऊन निघाली होती. त्याने विचारलं, बर्फ भरलाय का? मोजायचंच तर नुसतं काय मोजायचं, वजनाने माणूस हळू चालतो, रिकाम्या पेटीचं माप म्हणजे माप नव्हे. नर्सने आत जाऊन पेटी भरली.

ते दोघं चालत निघाले. सुताराच्या हातात घड्याळ, गुडघा कुरकुरतोय, पुढे ती पोरगी टणाटण जिने चढतेय. गिरणीचा जिना संपवून तिने वरून हाक मारली, तेव्हा सुताराच्या घड्याळात बारा मिनिटं झाली होती. सुतार पाच मिनिटांनी वर पोहोचला आणि धापा टाकत म्हणाला की हे चूक आहे, इथे अठरा हवेत, पुन्हा खाली जाऊन चाल.

"अठरा कशावरून?"

त्याने चिठ्ठी दाखवली. तिने वाचली, चिमणीपाशी तिला हसू आलं, ते तिने आवरलं.

"अगं, ती अशी पळत सुटायची नाही," सुतार म्हणाला. "दारात बसलेल्या म्हातारीशी बोलायची, कुणाचं पोर खोकतंय ते ऐकायची. तुला घाई झालीय नुसती. अठराच लिहायचे."

नर्सने पेटी खाली ठेवली. पट्टा होता तिथे खांद्यावर वळ उमटला होता.

"काका, बाई आता येणार नाहीत," ती म्हणाली. "इथून पुढे मी चालणार आहे. अठरा लिहिलेत तर माझा पुढचा सगळा हिशेब चुकेल."

सुताराच्या तोंडावर आलं होतं बरंच काही. कालची पोर, चार दिवस झाले नाहीत येऊन, मला शिकवते. मालकावर ओरडला तसा तो हिच्यावरही ओरडू शकला असता, जिना मोकळाच होता. पण ती घड्याळाकडे हात पुढे करून उभी होती. काल याच जिन्यावरून ती बाटल्या फेकायला खाली उतरली असणार, हे त्याला तेव्हा सुचलं. त्याने घड्याळ दिलं नाही. वहीत बारा लिहिले, इतकं दाबून की पान फाटलं.

"बारा," तो म्हणाला. "आणि पावसात?"

"पावसात पुन्हा मोजू."

संध्याकाळपर्यंत बाजार, गिरणी, शाळेमागचा उतार आणि टाकीची गल्ली झाली. सुताराने स्टुलावर चढून काळ्या मार्करने त्या देखण्या नकाशावर आकडे घातले. टाकीच्या गल्लीपाशी सोळा. त्याच्या बायकोने किती काढले होते ते आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. दीडपट एवढंच त्याला आठवत होतं, पण कशाच्या दीडपट, तर बाजाराच्या रस्त्याच्या, आणि तो रस्ता तिच्या पायांनी किती मिनिटांचा होता हे त्याने कधी विचारलं नव्हतं. डॉक्टर आत येऊन म्हणाले, चांगल्या नकाशाचं काय केलंत हे. सुताराने स्टुलावरूनच त्यांना सांगितलं की तुमचं काम तुम्ही करा.

छपाईवाल्याशी तो अजून बोलत नाही. मुलीला त्याने फोन केलेला नाही. टाकीमागचे चार जिने आणि खाणीकडची आळी मोजायची राहिली आहे.