मेलबर्नमार्गे लंडन

आमच्या अँगसला विमानाची स्वस्त तिकिटं शोधायचा नाद लागला आणि घरात सवत आली. लंडनला मुलीकडे जायचं तर बिझनेस क्लासनेच, पाय पसरून, पण कमी पैशांत. म्हणून न्यूझीलंडच्या टोकावरच्या आमच्या इन्व्हरकार्गिलहून मेलबर्नपर्यंत एक साधं तिकीट आणि तिथून लंडनचं वेगळं. पहिलं विमान धुक्यात अडकलं तर दुसरं आपल्यासाठी थांबत नाही, तेव्हा तीन दिवस आधीच मेलबर्न गाठायचं.

"आणि राहायचं कुठे?"

"हॉटेलात वाचवलेलं सगळं जाईल," तो म्हणाला. "युअनकडे राहू."

युअन म्हणजे त्याचा थोरला भाऊ, तिथे एकटाच राहणारा. वडिलांची समुद्रावरची खोपी त्याने न विचारता विकली, तेव्हापासून दोघांत अबोला. युअनच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हाही आमचे साहेब फोन न करता मागच्या अंगणात लाकडं फोडत राहिले. दोघांपैकी एक जण जायच्या आत यांनी बोलावं, एवढंच मला हवं होतं.

"कंजूषपणाचे उपकारच म्हणायचे," मी म्हटलं. महिनाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांत मी त्याची टिंगल केली.

युअनने दार उघडलं.

"जाडा झालास," तो म्हणाला.

"तू वाळलास," अँगस म्हणाला. रात्री जेवताना दोघं फक्त माझ्याशीच बोलले.

सकाळी मी आमच्याकडचे चीज रोल भाजले. युअन फोनवर भाडी बघत होता. तोही त्याच मुशीतला.

"मोराग, याने तुला गंडवलंय," तो म्हणाला. "ऑकलंडमार्गे एकाच तिकिटावर गेला असतात तर याच सीटा स्वस्त पडल्या असत्या."

मी अँगसकडे पाहिलं. तो रोलला लोणी लावत होता.

"माहीत आहे," तो मान वर न करता म्हणाला. "आधीच बघितलं होतं."

मला त्याला तिथेच मिठी मारावीशी वाटली, पण भावासमोर तो टेबलाखाली शिरला असता.

युअनने फोन पालथा ठेवला.

"परतीचं?"

"लंडनहून इथपर्यंतचं काढलंय. इथून घरी जायचं राहिलंय."

"ते आताच काढू नकोस," युअन घोगऱ्या आवाजात म्हणाला. "स्वस्त होईपर्यंत थांब. इथेच."