कोरड्या सुटाचा गळा

मित्रांनो, मी एक जुना सूट आहे, पण लग्नात मिरवायचा नव्हे. मी रबर चढवलेल्या जाड कापडाचा, समुद्रात उतरताना घालायचा सूट आहे. मला घातलं की माणूस पाण्याखाली गेला तरी त्याचं अंग कोरडं राहतं. ही सगळी करामत माझ्या गळ्याच्या आणि मनगटांच्या पातळ रबरी पट्ट्यांची. त्या कातडीला घट्ट चिकटून बसतात आणि पाण्याला आत येऊ देत नाहीत. म्हणून मला सदा गळ्याची धास्ती. लोक मला धीराचा समजतात, पण मी मुळातच भित्रा आहे.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथून मी आखातात गेलो, समुद्रातून तेल काढणाऱ्या एका कंपनीत. रत्नागिरीचा अयूब तिथे पाणबुड्या होता. १९८३ साली त्याची नोकरी संपली तेव्हा साहेबाने "जुना झालाय, घेऊन जा" म्हणत मला त्याच्या गळ्यात मारलं. बाकीच्यांनी गावाला टेपरेकॉर्डर आणि अत्तरं नेली. अयूबच्या पेटीतून निघालो मी. त्याच्या बायकोचा, हाजराचा, तेव्हाचा चेहरा आठवला की मला आजही ओशाळायला होतं.

पण बंदरावर माझा भाव वधारला. लाँचच्या पंख्यात जाळं गुंतलं की कुणीतरी खाली जाऊन ते कापावं लागतं. बंदराच्या पाण्यावर डिझेल आणि माशांची घाण तरंगत असते. त्या पाण्याने अयूबच्या पाठीवर जखमा झाल्या होत्या आणि हे पाणी आता अंगाला लागता कामा नये, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. त्यामुळे माझ्याशिवाय त्याचं पान हलेना. मासेमारीचा हंगाम असेपर्यंत मला उसंत नसायची.

अयूबचं पाण्यात उतरणं हाजराला कधीच मानवलं नाही. ती तसं बोलून दाखवायची नाही. तिची काळजी तिच्या हातांतून बाहेर पडायची. एका उन्हाळ्याच्या शेवटी, मला पावसाळ्यापुरतं माळ्यावर टांगण्याआधी, तिला माझ्या गळ्याच्या रबरावर बारीक चिरा दिसल्या. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे दार कुरकुरलं, कोयती गंजली, टाच फुटली, तर काय लावतात? तिने घरच्या नारळांचं खोबरेल घेतलं आणि माझ्या गळ्याला, मनगटांना बोटाने हळूहळू चोळलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मला इतक्या मायेने आजवर कुणी हात लावला नव्हता.

रबर आणि तेलाचं हाडवैर असतं, हे तिला माहीत नव्हतं. पावसाळाभर मी माळ्यावर लटकत होतो आणि माझा गळा सुजत होता, चिकट होत होता. मला ते कळत होतं, पण सांगू कुणाला? याच गळ्याच्या भरवशावर अयूब खाली जाणार, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला.

नारळी पौर्णिमा झाली, लाँची पाण्यात गेल्या. लगेच काशीराम दारात आला. त्याच्या लाँचच्या पंख्यात जाळं गुंतलं होतं.

"अयूबभाय, लाँच धक्क्यालाच उभी हाय. परवा तरी जमंल काय?"

अयूबने होकार दिला आणि मला खाली काढलं. गळ्याला बोट लावताच रबर लोंबलं.

"ह्याला तेल कोणी लावला?"

"मी लावला," हाजरा म्हणाली. "सुकलेला होता. काय झाला?"

"तेलान रबर मरतो गो."

हाजरा लगबगीने जवळ आली. "म्हंजे तुमी पाण्याखाली असताना ह्यो फाटला असता तर?"

सूट पाण्याने भरला की माणसाला वर येणं कठीण होतं. अयूबने ते सांगितलं नाही. त्याने माझा लोंबलेला गळा तिच्या हातात दिला, आणि हाजराला काय समजायचं ते समजलं.

"हात माझा लागलाय," ती म्हणाली, "निस्तरायला पण मीच बसनार."

अयूबने पालीच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडून जीपची आणि स्कूटरची जुनी ट्यूब आणली. जीपची ट्यूब आडवी कापली की बरोबर मानेच्या मापाची नळी निघते. मनगटाला स्कूटरची पुरते. त्याने माझ्या तेलकट पट्ट्या कापून टाकल्या, कडा पेट्रोलने पुसल्या आणि सँडपेपरने खरवडल्या. गळा ताणून धरायला हाजराने लोणच्याची बरणी रिकामी करून, राखेने घासून आत बसवली. पंक्चरचं सोल्यूशन दोनदा लावलं. ते आगीजवळ चालत नाही म्हणून चूल विझवलेली, जेवण सगळ्यांचं थंड. बाहेर श्रावणाची दमट हवा, त्यामुळे सोल्यूशन सुकता सुकेना. शेवटी ट्यूब चिकटवून हाजराने तिच्यावर लाटणं फिरवलं, भाकरीलाही कधी केलं नसेल इतकं जपून.

दुसऱ्या दिवशी माझी तोंडं बांधून त्यांनी माझ्यात हवा भरली आणि साबणाचं पाणी फासलं. मानेच्या मागच्या बाजूला बुडबुडे आले.

"हितं बघा, हितं," हाजरा म्हणाली. तेवढी जागा उचकटून त्यांनी पुन्हा चिकटवली.

अयूब पाण्यात उतरला तेव्हा हाजरा पहिल्यांदाच धक्क्यावर येऊन उभी होती. तो लाँचखाली जाळं कापू लागला. पंख्याकडे बघायला त्याने मान वर केली की माझा नवा गळा ताणायचा आणि मी हबकून जायचो. एकदा तर मला आत ओल लागली. संपलं सगळं, असं वाटून मी गारठलो. ओल वाढत होती. अयूब मात्र शांतपणे कापतच राहिला.

तो वर आला. त्याच्या मानेवरून माझा गळा सोडवला, तसा हाजराने चारचौघांदेखत त्याच्या बनियनमध्ये हात घातला. बनियन भिजलेलं होतं. तिचा चेहरा उतरला. मग तिने ती बोटं नाकाशी नेली.

"डिझेलचा वास नाय," ती म्हणाली. "घाम हाय नुस्ता." आणि तिथेच तिला रडू फुटलं.

मित्रांनो, आता १९८८ साल आहे. अयूब गेल्या वर्षी पुन्हा आखातात गेला. तिथे कंपनी नवा सूट देते, म्हणून मी इथे खुंटीवर आहे. मला कुणी घालत नाही, तरी दर शुक्रवारी हाजरा लहान मुलांच्या अंगाला लावायची पावडर माझ्या गळ्याला लावते. रबराला तीच मानवते. तुम्हीही ज्याला जपता त्याला काय मानवतं, ते आधी विचारून घ्या. नुसत्या मायेने भागत नसतं.

पावडर लावून झाली की ती थोडा वेळ माझा गळा हातात धरून बसते.

"तिथल्या सुटाला कोन लावीत असंल रे?" ती मला विचारते.